कोरी कॉफी आणि मुरगूडचे काका

मंडळी, आज सकाळी मुरगूडला गेलतो. शाहूपुरीतला जो गाळा मला कॉफीच्या दुकानासाठी हवाय, त्याचे मालक तिथं राहतात. काकांची अट एकच होती, विकणार काय ते आधी पाजायचं.

मी चिकमगळूरच्या एकाच मळ्यातली कॉफी नेली होती. तिला आधी संत्र्यासारखी आंबटसर चव येते आणि मागाहून गूळ. दूध घातलं की ती मरते, म्हणून कोरीच कपात ओतली.

काकांनी कपाला हात लावला नाही. काकू दारातच थांबल्या.

"पावणं, आमच्यात कोरा चहा मयताच्या घरात देत्यात. नव्या कामाला न्हाय," काकू म्हणाल्या.

आजोबा गेले तेव्हा आमच्याकडंही कोराच चहा होता की. चवीच्या नादात ध्यानातच आलं नाही.

मग काका कप उचलून अर्धा प्याले.

"गूळ लागतोय शेवटाला," ते म्हणाले. "गाळा देतो. खरं अट एक, उद्घाटनाचा पयला कप आमच्या म्हशीच्या दुधाचा. व्हय म्हणा, न्हायतर किल्ली हितंच ऱ्हाऊ दे."

मी उद्या सांगतो म्हणालो. निघताना काकूंनी दुधाची बाटली हातात दिली.

आत्ता घरी त्या दुधाचा एक कप करून बघितला. संत्रं गेलं. गूळ मात्र आहे.

किल्ली आणायला जाऊ का?