बाभळीचा दांडा

"भाऊ, या टायमाला असं करा की हे परत तुटायलाच नको."

रझियाआपांचा मोवर टेम्पोतून पुरता उतरलाही नव्हता, तेवढ्यात त्यांनी हे तिसऱ्यांदा ऐकवलं. चिकलठाण्याला माझं छोटं वर्कशॉप आहे. त्याआधी मी एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. "परत तुटायला नको" हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलोय आणि दर वेळी माझं डोकं उठतं. ज्याला पाती आहेत आणि जे शेतात फिरतं, ते कधीतरी तुटणारच.

मोवर म्हणजे ट्रॅक्टरला जोडायचं गवत कापणीचं मशीन. आपांचा जुना होता, कुठल्याशा लिलावातला. न्हाव्याची केस कापायची मशीन डोळ्यांसमोर आणा. तशीच तिकोनी पात्यांची एक लांब पट्टी ट्रॅक्टरच्या बाजूला जमिनीलगत असते आणि डावी-उजवीकडे सरकत राहते. तिला सरकवतो एक दांडा. त्याचं एक टोक फिरत्या चाकाच्या पिनला, दुसरं पात्यांच्या पट्टीला. चाकाला फिरवतो ट्रॅक्टर. कंपनीनं तो दांडा लाकडाचा दिला होता.

आपांचा दांडा लोखंडी पाइपाचा होता. लाकडी सारखा तुटतो म्हणून गावातल्या वेल्डरनं बदलून दिला होता. लोक तुटलेल्या जागी लोखंड लावतात आणि कामाला लागतात. का तुटलं, हे विचारायला कुणाला वेळ नसतो.

मशीन उघडलं. पाइप ठणठणीत होता. बाकी सगळ्याची वाट लागली होती. चाकाची पिन एका बाजूनं झिजलेली. पट्टीच्या टोकाला दांडा ज्यावर बसतो तो गोळा अंड्यासारखा झालेला. बेअरिंग ज्यात बसतं ते बिडाचं हाउसिंग तडकलेलं.

"एवढं सगळं एकदम कसं काय गेलं?" आपांनी विचारलं.

"एकदम नाही. पूर्वी दगड लागला की दांडा तुटायचा आणि बाकीचं वाचायचं. आता दांडा तुटत नाही, मग तो दणका पुढं जातो."

"म्हंजे अजून जाड पाइप टाकावा लागंल?"

मी कपाळाला हात लावला.

मग त्यांनी खरी अडचण सांगितली. खुलताबादच्या अलीकडं त्यांचं शेत आहे. त्यात लसूणघास. रोज एक वाफा कापायचा आणि चारा गवळ्यांना द्यायचा. नवरा, हनीफभाई, सौदीत ड्रायव्हर. शेत आपाच पाहतात. पण एका अपघातात त्यांचा डावा कोपर मोडला तो पुन्हा वाकलाच नाही. ट्रॅक्टर चालवता येतो, विळ्यानं कापणं जमत नाही. दीर सलीमभाई म्हणतात, शेत मला बटईनं द्या, मी कसतो, पीक निम्मं-निम्मं.

"ह्यांचा फोन आलता," आपा म्हणाल्या. "म्हणले, आता मशीन चाललं तर ठीक, नाय तर देऊन टाक सलीमला. एकदा दिलं की गेलं भाऊ. मंग मी घरात बसून काय करू?"

आता मला काम नीट कळलं.

आधी मी चाकापासून पट्टीच्या टोकापर्यंत दोरी ताणली. पट्टीचं लांबचं टोक चार बोटं मागं पडलं होतं. उभ्या मशीनवर ते उलट जरासं पुढं हवं, कारण कापताना गवत त्याला मागं रेटतं. पट्टी जिथं ट्रॅक्टरच्या बाजूला अडकते तिथली बिजागरीची पिन झिजली होती. त्यामुळं दांडा तिरका ओढला जायचा. म्हणून तो दगड नसतानाही तुटायचा. लाकूड बिचारं उगाच बदनाम झालं होतं.

बिजागरीला नवी पिन आणि पिनेभोवती बसणारे गनमेटलचे बुश केले. चाकाची पिन आणि तो गोळा वेल्डिंगनं भरून घेतले, मग लेथवर पुन्हा मापात आणले. हाउसिंग नवीन बनवलं. दांड्यासाठी खुलताबादच्या सुताराकडून वाळलेली बाभूळ आणली, रेषा सरळ असलेली, बिनगाठीची.

लाकूड पाहून आपा भडकल्या. "मी लोखंड मजबूत करायला आणलं आन् तुम्ही बैलगाडी करून ऱ्हायले! लोक हसतील मला."

"घरात फ्यूज असतो ना? तो जातो म्हणून टीव्ही वाचतो."

"फ्यूज मलाच टाकता येतो. हे कोण टाकणार?"

प्रश्न बरोबर होता. मी त्यांना तिथंच दांडा बदलायला लावला. जमेना. पान्यानं नट फिरवला की मागून बोल्टही फिरायचा, आणि तो धरायला दुसरा हात हवा. मग मी बोल्टच्या डोक्याशी लोखंडाचा एक चपटा तुकडा वेल्ड केला, म्हणजे ते फिरणार नाही. सगळे नट एकाच पान्याचे केले. आपांनी दांडा गुडघ्यानं रेटून धरला, उजव्या हातानं नट आवळले आणि पाना आपल्या पिशवीत टाकला.

चाचणीला मी शेतावर गेलो. बांधावर सलीमभाई मोबाइल घेऊन उभे. सौदीला व्हिडिओ कॉल लावला होता. दोन फेऱ्या झकास झाल्या. घास एका रेषेत पडत होता. तिसऱ्या फेरीत खाट्कन आवाज झाला आणि पाती थांबली.

"देखो भाईजान, टूट गया!" सलीमभाई फोनमध्ये ओरडले. "मैं बोल्या था ना?"

घासात एक लोखंडी खुंटी होती. दांडा मधोमध तुटला होता. मी खाली वाकून पाहिलं. पिन, गोळा, हाउसिंग शाबूत. एका पात्याचं टोक तेवढं उडालं होतं, पण त्यानं काम अडणार नव्हतं. खरं सांगतो, मला आनंद झाला. पण मी मुद्दाम हात लावला नाही.

आपांनी ट्रॅक्टर बंद केला. उतरल्या. सीटमागून दुसरा दांडा काढला, पिशवीतून पाना. घासात बसल्या आणि गुडघा लावला.

फोनमधून हनीफभाईंचा आवाज आला. "सलीम, फोन जरा आगे ले. कुछ दिखता नै."

सलीमभाईंना वाफ्यात उतरून फोन धरावा लागला. आपांनी शेवटचा नट आवळला. मग दिराकडं न पाहता विचारलं, "ये खुंटी किसकी है?"

"बकरी की," सलीमभाई हळूच म्हणाले.

"किसकी बकरी?"

फोनमध्ये हनीफभाई एवढे हसले की बांधावर ऐकू आलं. मग म्हणाले, "खुंटी निकाल, सलीम. खेत उसीके पास रहने दे."

सलीमभाई खुंटी उपटत होते तेव्हा आपांची चौथी फेरी चालू होती.

मशीन मजबूत करणं सोपं असतं. ते तुटायचं कुठं हे ठरवावं लागतं, आणि ती जागा मालकाच्या हाताला पोचणारी हवी. आपांचा मला आता फोन येत नाही. दांडा तुटला की त्या थेट सुताराकडं जातात. माझं एक चांगलं गिऱ्हाईक त्यानं पळवलं.