गालावरचे दोन काटे

मी प्राणिशास्त्र घेतलं त्याच्या कितीतरी आधी आमच्या गिरगावातल्या घरात माशांचं वर्गीकरण होऊन गेलं होतं. तळायचे, कालवणाचे आणि आजाऱ्याला द्यायचे, असे आईचे तीन वर्ग. कॉलेजात ते चालेनात. सरांनी प्रत्येकाला एकेक मासा वाटला आणि सोमवारपर्यंत त्याची प्रजाती कारणासकट लिहून आणायला सांगितली. माझ्या वाट्याला चपट्या डोक्याचा, कुणाच्या तरी पायाखाली आल्यासारखा दिसणारा मासा आला. त्याची सगळी ओळख त्याच्या डोक्यावरूनच पटायची होती. डोकं करवतीसारखं दातेरी असेल तर प्रजाती वेगळी. गुळगुळीत असेल, गालावर दोनच काटे असतील आणि खालचा लांब असेल, तर प्लॅटिसेफॅलस.

आदल्या वर्षी मी नापास झाले होते. यंदाही झाले तर कॉलेज बंद, असं वडिलांनी बजावलं होतं.

मासा टिकावा म्हणून मी त्याला मीठ चोळलं, स्वयंपाकघरात झाकून ठेवला आणि मैत्रिणीकडे भिंग आणायला गेले. त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता, मासळीबाजार बंद. परत आले तर मासा तव्यावर. घरात मीठ लावलेला मासा दिसला म्हणजे तो तळायचा, यात आईला शंका नव्हती. उलट मुलीला एकदाचं घरकाम सुचलं म्हणून ती खुशीत होती. डोकं तिने मांजराला घातलं होतं.

‘तुला खाण्यापलीकडे काही कळतं का?’ मी म्हणाले. त्या बोलण्याची मला अजून लाज वाटते.

आईने तुकडी उलटली आणि हळद लागलेला अंगठा माझ्यापुढे धरला.

‘गालावर दोनच होते. खालचा लांब, तोच खोल गेला. कपाळ गुळगुळीत, कुठे खरखर नाही.’

मी भिंगातून आईचा अंगठा पाहिला. दोन टोचे होते, खालचा खोल.

सोमवारी सरांनी डोकं मागितलं तेव्हा सगळं सांगून टाकलं. दुसरा गाल तपासला का, असं त्यांनी गंभीरपणे विचारलं. तोवर आई सावध झाली होती, असं मी म्हणाले.

वहीत ‘निरीक्षण’ या शब्दापुढे माझं नाव होतं. सरांनी ते खोडायला लावलं. तिथे ‘आई’ असं लिहून घेतलं आणि मगच पास केलं.