आईला समजावून सांगितलेली पॉलिसी

औषधांचे कागद लोकांना समजावून सांगणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. मी फार्मसिस्ट आहे. त्यामुळे विम्याचा कागद मला जड जाणार नाही असं घरात सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, आणि खरं सांगायचं तर मीही.

आई माझ्या बाळंतपणासाठी पुण्याहून आमच्याकडे न्यूझीलंडला, लोअर हटला आली होती. सहा महिन्यांचा व्हिसा, सहा महिन्यांची ट्रॅव्हल पॉलिसी. डिंकाचे लाडू झाले, ओव्या-शेपेची धुरी झाली, त्या धुरीने स्मोक अलार्म वाजून शेजारची बाई बागेतून धावत येणंही झालं. आईच्या परतीला तीन आठवडे उरले असताना लॉकडाउन लागला आणि तिचं विमान रद्द झालं. व्हिसा सरकारने आपण होऊन वाढवला. पॉलिसी आपण होऊन कोण वाढवतो?

मग मी तो कागद वाचायला घेतला. चाळीस पानं वाचायला मला चार दिवस लागले. मुलगी पाच महिन्यांची, रात्री तीनदा उठणारी. नवरा बेडरूममध्ये दार लावून दिवसभर मीटिंगमध्ये. एका हाताने मुलीला थोपटायचं, दुसऱ्या हाताने फोन कानाला धरून विमा कंपनीचं संगीत ऐकायचं. पलीकडून कुणी बोललंच तर तो माणूस दर वेळी नवा असायचा आणि दर वेळी काहीतरी वेगळं सांगायचा. चिडायचंही त्राण उरलं नव्हतं.

शेवटी जे हाती लागलं ते असं. मुदत वाढवून मिळेल, पण आईने 'माझी प्रकृती चांगली आहे' असं लिहून द्यायला हवं. जुन्या मुदतीत सुरू झालेलं दुखणं नव्या मुदतीत जुनाट आजार धरलं जाईल आणि त्यावर काहीही मिळणार नाही. आणि करोना आता सगळ्या जगाला ठाऊक झालेला, म्हणून वाढीव मुदतीत तोही बाहेर.

आई जन्मभर शाळेत गणित शिकवत होती. अर्धवट समजणं तिला चालत नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून तिने माझ्याकडून एकेक कलम मराठीत वदवून घेतलं.

"म्हणजे जुनं दुखणं चालणार नाही, नवीन चालेल," ती म्हणाली.

"हो."

"आणि जुनं म्हणजे आत्ता निघालेलं."

"हो गं आई."

"आणि करोना नवीन असला तरी चालणार नाही."

"नाही. हे बघ, आत्ता तू काहीही होऊ देऊ नकोस, एवढंच लक्षात ठेव. बाकी मी बघते."

हे मी वैतागून बोलले. मुलगी रडत होती, कुकरची शिट्टी होत होती. आईने मान हलवली. माझ्या घरी आल्यापासून मी सांगितलेलं तिने काही एक ऐकलं नव्हतं. हे मात्र ऐकलं.

आठवड्याने तो प्रकृतीचा फॉर्म भरायचा दिवस आला. मी लॅपटॉपवरची नजर न काढता तिला विचारलं, "तुला काही होत नाहीये ना?"

"मला काय धाड भरलीये?" आई म्हणाली. मी 'नो'वर टिचकी मारली.

दुकानात मी पेशंटला असं कधीही विचारत नाही. 'अ‍ॅलर्जी नाही ना?' असं विचारलं की माणूस नाहीच म्हणतो, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. प्रश्न असा विचारायचा की त्याला 'हो' म्हणायची लाज वाटू नये. नव्या लागलेल्या पोरींकडून मी हे घोकून घेते. आणि आईला मात्र उत्तर तोंडात कोंबूनच प्रश्न विचारला, कारण मला 'नाही'च हवं होतं. दुसरं काही ऐकायची माझी ताकद नव्हती.

त्या दिवसांत संध्याकाळी आम्ही प्रॅम घेऊन चालायला जायचो. रस्त्याने जाणाऱ्या मुलांना गंमत म्हणून लोकांनी खिडक्यांमध्ये टेडी, म्हणजे कापडी अस्वलं, ठेवली होती. आई दर दुसऱ्या घरापाशी थांबायची आणि नातीला अस्वल दाखवायची. बराच वेळ दाखवायची. मला घरी जाऊन पडायचं असायचं, म्हणून मी कुरकुरायचे, "आई, झालं ना बघून, चल आता." ती हसून चालू लागायची.

वाढीव मुदत सुरू होऊन आठवडा झाला होता. सकाळी आई कपडे वाळत घालायला मागे गेली आणि आलीच नाही. बघते तर दोरीखाली गवतावर बसलेली, कपाळावर घामाचे थेंब, हातात बाळाचं दुपटं. "जरा दम लागला," म्हणाली. तिचा रंग बघून मी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली.

हॉस्पिटलात तेव्हा नातेवाइकांना आत घेत नव्हते. मास्कमागचं इथलं इंग्रजी आईला कळेना, म्हणून बोलणं सांगायला मला सोडलं. गाऊन घातलेल्या तरुण डॉक्टरने ईसीजी बघितला आणि मला विचारलं, हे कधीपासून होतंय?

मी वाकून आईला विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

आईने डॉक्टरकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "तीन आठवडे झाले. चाललं की छातीवर दाबल्यासारखं होतं, थांबलं की जातं. पण तू चार दिवस सांग. चार दिवस म्हणजे नवीनच होतं ना?"

म्हणजे अस्वलं बघायला ती थांबत नव्हती. मी फॉर्म भरला तेव्हा तिला दुखतच होतं. आणि तेव्हा बोलली असती तर जुनी मुदत संपायच्या आत उपचार होऊन सगळा खर्च विम्यात बसला असता. तिने कलम बरोबर पाठ केलं होतं आणि उत्तर चुकीचं काढलं होतं, कारण शिकवणारीने सांगितलं होतं, काही होऊ देऊ नकोस.

डॉक्टर माझ्या तोंडाकडे बघत उभा होता. त्याला मराठीतलं अक्षर कळत नव्हतं. मी जे सांगेन त्यावरच तो आईला औषध देणार होता.

"थ्री वीक्स," मी म्हणाले.

तेवढं इंग्रजी आईला कळलं. "वेडी आहेस तू," ती म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं. तिला आत नेलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. माझा राग आलेला होता. बाहेरच्या खुर्चीत बसून मी रडले. दुधाने ब्लाउज भिजला होता, मुलगी घरी भुकेली होती, आणि मला उठून नवऱ्याला फोन करायचंही सुचत नव्हतं.

आई वाचली. विम्याचं जे व्हायचं तेच झालं. विमानं सुरू झाल्यावर ती पुण्याला परतली. परत इकडे आली नाही.

रविवारी तिला फोन करते. आता प्रश्न नीट विचारते, पेशंटला विचारावा तसा: "काय काय त्रास होतोय, सांग." पण सांगण्याआधी आई मलाच विचारते: "हे कुठे लिहायचं तर नाहीये ना?"