हळूसरांच्या गाडीची जाहिरात

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, लोकांना गाडी चालवायला शिकवायचे. आमच्या भागात त्यांना हळूसर म्हणतात, कारण शेजारच्या सीटवर बसून ते दिवसभर एकच शब्द बोलत: हळू. शिकणारा सुसाट निघाला तरी हळू, आणि गाडी जागची हलत नसली तरी हळू. ताई सांगते, लग्नानंतर पहिल्यांदा तिने त्यांच्या हातात चहाचा कप दिला तेव्हाही ते कपाकडे बघत 'हळू'च म्हणाले होते. माणूस गोड आहे, पण त्याच्याकडून एखादी गोष्ट ठरवून घ्यायची म्हणजे आपल्या नाकी नऊ येतात.

तर या भाऊजींच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, समोरचं दिसत राहील, पण कडेचं जात चाललंय, आणि गेलेलं परत येणार नाही. गाडी बंद. स्वतः चालवायची नाही आणि दुसऱ्याला शिकवायचीही नाही. भाऊजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, बाहेर आले आणि ताईला म्हणाले, "समोरचं दिसतंय म्हणाले ना? गाडी समोरच जाते." त्या दिवसापासून ताईची झोप उडाली. गाडी दारात उभी असेपर्यंत हे कुणाला ना कुणाला घेऊन जाणारच, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने रडून, अबोला धरून, शेवटी लेकीला परगावाहून फोन करायला लावून त्यांच्याकडून गाडी विकायचं कबूल करून घेतलं. त्यांनी एकच अट घातली, "जाहिरात कुठे द्यायची ते मी ठरवणार." आम्हाला वाटलं, एवढंच ना? आणि इथेच आम्ही फसलो.

माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. खोली भाड्याने देण्याच्या चिठ्ठ्या, मांजर हरवल्याच्या नोटिसा, नोकरीचे अर्ज, सगळं माझ्या हाताखालून जातं. त्यामुळे हे लोढणं ताईने माझ्या गळ्यात अडकवलं. "तू त्यांची मेहुणी आहेस, तुझं ऐकतात," असंही वर म्हणाली. माझं ते ऐकतात खरं. ऐकतात, हसतात आणि आपल्याला हवं तेच करतात.

सुरुवात फोनवरच्या अ‍ॅपपासून केली. आजकाल सगळे तिथेच विकतात म्हणून मी फोटो काढले आणि माहिती भरायला घेतली. अ‍ॅपने विचारलं, आधीचे मालक किती? एक. पुढे विचारलं, गाडी एकहाती वापरलेली आहे का? होय किंवा नाही. मी 'होय' दाबणार तेवढ्यात भाऊजींनी माझा हात धरला.

"मालक मी एकटा. पण हात किती लागलेत या स्टिअरिंगला?"

"भाऊजी, एकहाती म्हणजे एकच मालक."

"मग त्यांनी मालक आधीच विचारलाय ना? हात का विचारतायत परत?"

'होय' म्हटलं तर खोटं, 'नाही' म्हटलं तर गाडी दहा घरं फिरलेली वाटते. दुसरा काही पर्यायच नव्हता. त्यात या गाडीला शेजारच्या सीटखाली दुसरा क्लच आणि दुसरा ब्रेक, शिकवणाऱ्याच्या पायाशी. त्याची माहिती कुठे भरायची तेही अ‍ॅपला माहीत नव्हतं. आम्ही दोघं त्या फोनकडे एखाद्या अवघड पाहुण्याकडे बघावं तसे बघत बसलो आणि शेवटी तो बंद केला.

मग गॅरेजवाल्याकडे गेलो. त्याच्या भिंतीवर विकाऊ गाड्यांचे कागद लावलेले असतात आणि येणारा-जाणारा वाचतो. तो भाऊजींना खूप मानतो, त्याच्या दोन्ही मुली याच गाडीवर शिकल्या. पण कागद हातात घेऊन तो म्हणाला, "सर, ते शेजारचे पेडल काढून टाकू. शिकवणीची गाडी आहे कळलं की लोक पळतात. त्यांना वाटतं, गिअरबॉक्सचा पार भुगा झाला असेल."

भाऊजींचा चेहरा उतरला. "म्हणजे पाय कापून हिला लग्नाला उभी करायची?" असं म्हणून त्यांनी कागद परत घेतला. मी गॅरेजवाल्याकडे बघून कपाळावर हात मारला, त्यानेही मारला.

नंतर सोसायटीचा फळा झाला, वाचनालयाचा फळा झाला. फळ्यावर लावली तर शेजारी भाव पाडून मागतील, वाचनालयात येणाऱ्यांना मुळात कुठे जायचंच नसतं, असे त्यांचे शेरे. मागच्या काचेवर पाटी लावा म्हटलं तर म्हणाले, "गाडी रस्त्यावर गेली तर मागचा वाचेल. ती तर तुम्ही मला नेऊ देत नाही." हे इतकं बरोबर होतं की मला संताप आला. ते खरंच गोंधळलेत की आम्हाला झुलवतायत, हे मला कळेना. ताईला विचारलं तर तिलाही सांगता येईना. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या तोंडावरून तिला काय काय ओळखता येतं, पण हे काही येईना.

आणि मग एका सकाळी भाऊजी दुकानात आले आणि म्हणाले, "पेपरात देऊ. पेपर वाचणारा माणूस वस्तू नीट ठेवतो." मला या तर्काचा शेंडाबुडखा कळला नाही, पण त्यांनी काहीतरी ठरवलं याचाच आनंद इतका झाला की मी ताबडतोब टाइप करायला बसले. 'पांढरी गाडी विकणे आहे, उत्तम स्थितीत.'

"असं नको," ते म्हणाले. "आधी खरं काय ते येऊ दे. शिकवणीची आहे ना? मग पहिला शब्द तोच. नंतर कुणी फसवलं म्हणायला नको."

"आणि विकणे आहे?"

"गाड्यांच्या रकान्यातच येणार ना? मग विकायचीच असणार. लोकांना एवढंही कळत नाही का?"

मी हात टेकले. मजकूर असा झाला: 'शिकवणीची गाडी. मालक एक, हात अनेक. दोन ब्रेक. कायम हळू चाललेली. समक्ष भेटा.' खाली भाऊजींचा नंबर. खरं सांगायचं तर मला तो आवडला. मी स्वतः नेऊन दिला.

शनिवारी पेपर आला. मी गाड्यांचा रकाना वरून खाली वाचला, खालून वर वाचला. आमची गाडी नव्हती. तेवढ्यात ताईचा फोन आला, आवाज अगदी बारीक. "अगं, यांना सकाळपासून फोन येतायत. क्लास कधी सुरू होतो, विचारतायत."

आमची जाहिरात 'शिकवणी' या रकान्यात छापली होती. वर गणिताचे खासगी वर्ग, खाली गिटार. आणि मधे आमची गाडी, दोन ब्रेक, समक्ष भेटा. मी तावातावाने पेपरच्या कचेरीत फोन लावला. पलीकडच्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि थंडपणे म्हणाल्या, "आमच्याकडे पहिल्या शब्दावरून रकाना ठरतो. आणि मॅडम, विकायची आहे असं यात कुठे लिहिलंय?" मी मजकूर पुन्हा वाचला. कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी सॉरी म्हणून फोन ठेवला, आणि सॉरी मी का म्हणाले याचा नंतर दिवसभर विचार करत बसले.

ताईच्या घरी गेले तर भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून फोनवर बोलत होते. आवाज पंधरा वर्षांनी तरुण झालेला. "नाही हो, घाबरायचं काय त्यात? ब्रेक माझ्याही पायाशी आहे." आम्हाला बघून त्यांनी फोन ठेवला.

ताईने मला स्वयंपाकघरात ओढलं. "मुद्दाम केलं का गं यांनी?"

"मला काय माहीत? मजकूर तर माझ्यासमोर सांगितला."

"त्यांचं काही झालं तर मी सोसेन," ताई म्हणाली आणि तिचे डोळे भरले. "पण कुणाची तरी मुलगी बसलेली असेल त्या गाडीत. ती यांच्या पायाच्या भरवशावर बसेल. तिला कोण सांगणार यांना दिसत नाही म्हणून?"

मी बाहेर जाऊन भाऊजींना सरळ विचारलं. "खरंच ठाऊक नाही मला," ते म्हणाले. "मी विकायचीच म्हणून लिहिली. पण फोन आल्यावर बरं वाटलं. आता यात मुद्दाम काय आणि चुकून काय, तूच सांग." रागवायचं ठरवून गेले होते, ते राहून गेलं.

तेवढ्यात एक बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. समक्ष भेटा म्हटलं होतं, त्या समक्ष आल्या होत्या. दातांच्या दवाखान्यात कामाला होत्या, वयाने ताईएवढ्या. दुसरीकडे थोडंफार शिकल्या होत्या, पण तिथला शिकवणारा ओरडायचा म्हणून सोडलं होतं. भाऊजींनी त्यांना प्रामाणिकपणे सांगितलं की शिकवणी बंद आहे, गाडी विकायची आहे, छापताना घोळ झाला. त्या हिरमुसल्या. मग म्हणाल्या, "दोन ब्रेकची आहे ना? मला अशीच हवी. नवरा शेजारी बसेल. एकदा चालवून बघू का?"

म्हणजे गिऱ्हाईक की विद्यार्थिनी? ताईने माझ्याकडे बघितलं, मी भाऊजींकडे, भाऊजी चप्पल घालत होते. नाही म्हणायला कारण सापडेना. विकायची तर दाखवायला हवी. शेवटी ताई म्हणाली, "ही मागे बसेल," आणि मला ढकलून दिलं.

मागची सीट मला नवीन होती. पुढे बाई स्टिअरिंग घट्ट धरून, शेजारी भाऊजी पाय पेडलवर ठेवून, ताठ. "हळू," ते म्हणाले, आणि मला कबूल करायला हवं, ऐकून बरं वाटलं. ते इतके आपल्या जागी होते. बाई बऱ्या चालवत होत्या. भाऊजी सांगत होते, आता दुसरा गिअर, आता आरशात बघा, शाबास. मला क्षणभर वाटलं, डॉक्टरचंच काहीतरी चुकलं असेल.

शाळेच्या कोपऱ्यापासून एक सायकलवाली पोरगी आमच्या डाव्या बाजूने चालली होती. पाठीला दप्तर, एका हातात हँडल, दुसऱ्या हाताने केस सावरत. ती आता आमच्या पुढ्यात वळणार हे मला मागून दिसत होतं. बाईंनाही दिसलं असावं. त्या सावकाश झाल्या.

"जाऊ द्या, रस्ता मोकळा आहे," भाऊजी म्हणाले. "घ्या पुढे."

पोरगी वळली. बाईंनी करकचून ब्रेक दाबला. आम्ही तिघंही पुढे फेकलो गेलो. गाडी थांबली, बंद पडली, आणि त्यानंतर, सगळं थांबल्यानंतर, भाऊजींच्या पायाखालचा ब्रेक खाली गेला. मी तो आवाज ऐकला. पोरगी आमच्याकडे रागाने बघत निघून गेली.

बाईंनी स्टिअरिंग सोडलं. "सॉरी सर, मी तुम्ही सांगितलं त्याच्या उलट केलं."

भाऊजी काचेतून समोर बघत राहिले. मग मान न वळवता मला विचारलं, "ती कुठून आली?"

मी खोटं बोलू शकले असते. अचानक आली, पोरं अशीच घुसतात, असं सहज म्हणता आलं असतं.

"भाऊजी, ती शाळेपासून आपल्या शेजारूनच चालली होती."

त्यांनी मान डोलावली. मग ते बाईंकडे वळले. "तुम्ही बरोबर केलंत. शेजारचा काय सांगतो ते ऐकायचं नाही. आपल्याला दिसतंय तेच खरं." एवढं बोलून ते दार उघडून उतरले, गाडीला हात लावत लावत मागे आले आणि माझ्या शेजारी येऊन बसले. पुढची सीट रिकामी राहिली. बाईंनी आरशातून आमच्याकडे बघितलं, त्यांना काय करावं कळेना. "चला," भाऊजी म्हणाले, "घर सरळच आहे." संपूर्ण रस्ताभर ते एकदाही हळू म्हणाले नाहीत. मी त्यांचा हात धरला.

घरी आल्यावर बाई म्हणाल्या, नवऱ्याशी बोलून कळवते, आणि घाईने गेल्या. त्या कळवणार नाहीत हे आम्हा दोघांनाही समजलं. ताई दारातच होती. भाऊजी तिच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मला दिसलं नाही गं." एवढे महिने ते धूसर म्हणत होते, थकवा म्हणत होते, चष्म्याचा नंबर म्हणत होते. ताईने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि रडायला लागली.

भाऊजींनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. "जाहिरात दे."

"कुठे देऊ, भाऊजी?"

"कुठेही दे."

मी दुकानात येऊन बसले. महिनाभर मी या माणसाला घाई करत होते, चिडत होते, अहो काहीतरी एक ठरवा म्हणून डोकं खात होते. आता समोर फोन होता, त्यात अ‍ॅप होतं, पेपरच्या कचेरीचा नंबर होता, गॅरेजवाल्याचाही होता. एका जागेचं नाव घ्यायचं होतं फक्त. दुकान बंद करायची वेळ झाली तरी मला ते ठरवता आलं नाही.