पंचनाम्यातली रिकामी जागा

तालुक्याच्या कचेरीसमोर अर्ज लिहून देणारे एक गृहस्थ आमच्या गल्लीत राहतात. कुणी काहीही सांगितलं की ते आधी चष्मा पुसतात आणि विचारतात, "लेखी हाय का?" भाजीवालीलाही हेच विचारतात. आम्ही हसायचो.

एका रविवारी नोटीस न देता साहेब लोक सेलूहून जेसीबी घेऊन आले आणि गल्लीतली तीन घरं पाडली. आम्ही दारात उभं राहून हळू आवाजात शिव्या घातल्या. हे अर्जवाले गृहस्थ मात्र रस्त्यात पोतं टाकून बसले आणि सरकारचाच पंचनामा लिहू लागले. पंचांच्या दोन सह्या हव्या होत्या, म्हणून दारोदार फिरले.

"गुरुजी, दिसलं तेवढंच लिवलंय. वाचा अन् सही करा."

मी सरकारी शाळेतला मास्तर. चष्मा सापडत नाही, म्हणालो. त्यांनी स्वतःचा काढून माझ्यापुढं धरला. मी दार लावून घेतलं.

परवा मतदान करून बाहेर पडलो तर ते समोर. मी म्हणालो, "घरं पाडणाऱ्यांची यंदा जिरवली."

त्यांनी खिशातून पंचनाम्याचा तो घडी पडलेला कागद काढला. "दोन्ही जागा रिकाम्याच हायत, गुरुजी."

शाईचं बोट मी मुठीत घेतलं.