नानांनी वाचलेलं पत्र

ऐकीव गोष्टीचा जीवराम नानांना भारी तिटकारा. साक्री तालुक्यातल्या डोंगराकडच्या गावांत सायकल दामटत त्यांनी पोस्टमनची नोकरी काढली, आणि निवृत्त झाल्यावर तालुक्यातल्या जवानांच्या युद्धाच्या आठवणी जमवायला घेतल्या. नियम एकच: ज्याने भोगलं त्याच्या तोंडून, नाहीतर कागदावरून. मध्ये तिसरा माणूस नको. शिंदखेड्याहून एक जण काकाचा पराक्रम सांगायला दोन एसट्या बदलून आला होता. काका वारलेले, कागद एकही नाही. नानांनी त्याला चहा पाजला, "तुम्ही होतात का तिथे?" असं विचारलं आणि परत पाठवलं.

एवढ्या बारीक चाळणीतून जे उतरलं त्यात लढाई कमीच होती. कुणाला लडाखात डाळ शिजत नसे हेच आठवे, कुणाला खेचराचं नाव. पुस्तकात एखादा तरी खणखणीत पराक्रम हवा, असं नानांनाही वाटे. आणि तसा एक सगळ्या तालुक्याला पाठ होता. कारगिलच्या वेळी पुना नावाचा जवान जखमी सुभेदाराला पाठीवर घेऊन अख्खा डोंगर उतरला होता. त्याच्या गावच्या शाळेत भिंतीवर त्याचं रंगीत चित्र आहे. त्यात पुनाच्या पायात सँडल आहेत, पण ते चित्रकाराचं अज्ञान.

फक्त पुना स्वतः काही बोलत नसे. परत आला तेव्हा गळ्यात हार पडताना तो म्हणाला होता, असं काही झालंच नाही. त्यावर गाव आणखीच भारावलं. केवढा हा विनय! त्यानंतर त्याने तोंड मिटलं ते मिटलंच. सध्या तो पिठाची गिरणी चालवतो. त्या आवाजात कुणी काही विचारत नाही, हे त्याला बरं पडतं.

पुस्तक छपाईला जायला आठ दिवस उरले, तेव्हा मे महिन्याच्या भर दुपारी नाना त्याच्या घरी येऊन थडकले. ओसरीवर पुनाची म्हातारी आई बेबाबाई बसली होती, बायको रेशमा पाणी घेऊन आली. नानांनी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

"पुना, आता तुझ्या तोंडून ऐकू दे."

पुनाने हाताचं पीठ पुसलं. मग म्हणाला, "नाना, मी लंगरमा व्हतू. बटाटा सोलू, चहाना डबा वर लई जाऊ. कोणले पाठवर लिधं नही मी."

नानांना वाईट वाटलं, आणि रागही आला. पुस्तकातला एकुलता एक पराक्रम डोळ्यांदेखत ऐकीव निघाला होता. "मग ही थाप सोडली कुणी?" त्यांनी दरडावून विचारलं.

"थाप?" बेबाबाई तडकली. "पत्रमा लिखेल शे!"

ती देवापाशी गेली आणि पत्र्याची डबी घेऊन आली. लाल फडक्यात एकच पत्र होतं. त्यावर दर दसऱ्याला कुंकू पडे, पण हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. कागद पाहून नानांचा जीव भांड्यात पडला. चष्मा पुसेपर्यंत त्यांनी पत्र रेशमाकडे दिलं. ती अंगणवाडी सेविका, अर्ध्या गावाला अक्षरओळख तिनेच करून दिलेली. ती वाचू लागली.

"माय, इथं फार थंडी आहे. तोफा सुरू झाल्या की मी लंगरच्या टेबलाखाली बसतो आणि तुझं नाव घेतो. माझ्या शेजारी झोपायचा तो काल गेला. तुझी गोधडी पाठव. कोट दिला आहे, पण तुझी गोधडी पाठव."

"थांब," बेबाबाई म्हणाली. "सूनले वाचता येस नही. नाना, तुम्हीन वाचा. त्या टाइमले वाचं व्हतं, तसं."

आणि मग नानांना आठवलं. हीच ओसरी, श्वास रोखून उभं राहिलेलं निम्मं गाव आणि या बाईचे डोळे. त्या डोळ्यांना टेबलाखालचा पुना दाखवायचा धीर त्यांना झाला नव्हता. म्हणून त्यांनी उभ्या उभ्या एक सुभेदार जखमी केला आणि पुनाच्या पाठीवर दिला. गोधडीचं म्हणाल तर फौज कोट देतेच, ही बिचारी कुठे धाडत बसणार, म्हणून ती ओळ त्यांनी गाळली. केवढं पुण्य केलं या आनंदात ते त्या दिवशी शीळ घालत घरी गेले होते. पुढे ते सगळं विसरले, आणि शाळेतल्या चित्राला स्वतःच हार घालून आले.

मधला तिसरा माणूस सापडला होता.

"गोधडीनं बी वाचं नही का नाना?" पुनाने हळूच विचारलं. "मी वाट पाही. माले वाटे, मायले मनी, भित्रा पोऱ्यानी, लाज वाटनी."

मोबाइल चालूच होता. नानांनी पत्र हातात घेतलं आणि जसं लिहिलं होतं तसं, एकही शब्द न गाळता वाचून काढलं.  त्यांना स्वतःची मनापासून शरम वाटली.

बेबाबाईने पत्र मांडीवर घेतलं.

"मना पोऱ्या थंडीमा व्हता," ती म्हणाली, "आन् मी गावमा पेढा वाटी ऱ्हायंती."

ती उठली. कोपऱ्यातल्या चळतीतून तिने एक गोधडी ओढली, तिनेच शिवलेली, आणि पन्नाशीच्या मुलाच्या खांद्यांवरून नीट गुंडाळली. बाहेर पारा चव्वेचाळीसवर होता. पुनाच्या कपाळावरून घाम निथळू लागला, पण त्याने गोधडी काढली नाही. दोन्ही टोकं छातीशी घट्ट धरून तो बसून राहिला.

"आते लिखा नाना," बेबाबाई म्हणाली. "गोधडी पोची."

नानांनी लिहिलं. तारीख मात्र त्यांना आजचीच घालावी लागली.