लंगड्या कॅप्टनची हद्द

"काकू, म्हणजे जीपीएस चुकीचं दाखवतंय असं म्हणताय तुम्ही?" निखिलनं विचारलं. एरवी तो मला मॅडम म्हणतो. काम अडलं की मी काकू होते.

"जीपीएस बरोबर आहे. कॅप्टननं अंतर वेगळ्या पद्धतीनं मोजलं असावं, असं म्हणतेय."

आम्ही पेनसिल्व्हेनियातल्या एका टेकडीच्या उतारावर उभे होतो. मी लँड सर्व्हेअर आहे, म्हणजे लोकांच्या जमिनी मोजून हद्दी दाखवते. मूळची नागपूरची, इथल्याच स्टेट कॉलेज नावाच्या गावी शिकले आणि याच डोंगरांत रमले. निखिल पुण्याचा, राहतो जर्सी सिटीत, नोकरी मॅनहॅटनला. वीकेंडला मोकळी हवा मिळावी म्हणून तो टेकडीचा खालचा भाग विकत घेत होता. जमिनीत बारमाही झरा आहे, असं एजंटनं त्याला सांगितलं होतं आणि त्याचा सगळा जीव त्या झऱ्यात अडकला होता.

अडचण अशी की वरच्या शेताच्या मालकीण डॉरथीबाई लग्न होऊन आल्यापासून त्याच झऱ्याचं पाणी पीत होत्या. छोट्या पंपानं ते त्यांच्या घरात चढायचं. विहीर खणून पाहिली होती, तर गंधकाच्या वासाचं पाणी लागलं. आता जुन्या दस्तातलं अंतर पायथ्यापासून वर जीपीएसनं मोजलं तर हद्द झऱ्याच्या वर जात होती. म्हणजे झरा निखिलचा. मी हे सांगितल्यावर डॉरथीबाई भांडल्या नाहीत. "मग मला मुलीकडे शहरात जावं लागेल," एवढंच म्हणाल्या. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

ही जमीन पहिल्यांदा मोजली ती आर्मीतल्या एका कॅप्टननं. त्याची हकीकत गावाबाहेर रस्त्याकडेच्या पाटीवर लिहिलेली आहे. पोरवयात तो अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात गेला, गुडघ्यात गोळी लागली, पुढे कॅप्टन झाला. लढाई संपली तेव्हा शिपायांना द्यायला सरकारजवळ पैसे नव्हते, जमीन मात्र होती. ती आधी कुणाची होती, याबद्दल पाटी गप्प आहे. ती मोजायला हिशेबाचा पक्का माणूस हवा होता. कॅप्टननं मग उरलेलं आयुष्य लोखंडी साखळी घेऊन दुसऱ्यांच्या जमिनी मोजण्यात घालवलं.

मोजायचा मात्र चोख. खोऱ्यातल्या सपाट रानात त्याचे हद्दीचे दगड मी बरेचदा शोधलेत. तिथे त्याचं अंतर जीपीएसशी जवळजवळ तंतोतंत जुळतं. चढावर मात्र त्याचा आकडा दर वेळी जास्त भरतो. हा गलथानपणा नव्हे. गलथान माणूस कधी जास्त मोजतो, कधी कमी, आणि सपाटीवरही चुकतो.

उतारावर मोजताना साखळी जमिनीवर टेकवायची नसते. ती हवेत आडवी ताणून धरायची आणि थोडं थोडं अंतर घेत पुढे जायचं, कारण नकाशाला सपाट अंतर लागतं, चढाचं नाही. त्यासाठी प्रत्येक टप्प्यावर मोजणीदारानं स्वतः चढून साखळी बघावी लागते. गुडघ्यात गोळी लागलेला माणूस हे कसं करणार? तो खाली घोड्यावर बसून राहिला असेल आणि गडी साखळी जमिनीवरूनच ओढत वर गेले असतील. तसं असेल तर त्याचा आकडा लवकर भरला असणार आणि दगड झऱ्याच्या खालीच राहिला असणार. घोडं इथेच पेंड खात होतं, असं मला वाटलं. पण वाटणं हा पुरावा नव्हे. मूळ मोजणीदाराचा दगड जागेवर सापडला, तर इथे आकडा सोडून दगड मानतात. म्हणून दगड शोधणं भाग होतं.

"म्हणजे आता आपणही त्यांच्यासारखंच मोजायचं?" निखिल म्हणाला.

"हो. टेपचं टोक धर आणि चढ. जमिनीला लागूनच येऊ दे."

"यार काकू, तुम्ही नक्की माझ्या साइडनं आहात ना?"

"हद्द दाखवायला बोलावलंयस मला. ती कुठे निघेल याचं प्रॉमिस मी केलेलं नाही."

तो हसला नाही, पण काटेरी झुडपांतून पांढरे बूट खराब करत चढला. आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात, आणि दर नांगरटीला शेजाऱ्याचा धुरा कोरणारे सज्जन मी लहानपणापासून पाहिलेत. टेप जराशी पुढे सरकवणं निखिलला अवघड नव्हतं. त्यानं ती सरकवली नाही.

कॅप्टनचं अंतर झऱ्याच्या बरंच खाली संपलं. तिथे सळई टोचत फिरलो. झाडाच्या मुळांशी सळई खणकन वाजली. निखिलनंच पालापाचोळा काढला. दगडावर छिन्नीनं कोरलेली फुली होती. दगड न हलवता बाजूनं उकरलं, तर बुडाशी कोळसा.

"कुणी तरी बार्बेक्यू केलं असेल," तो पडेल आवाजात म्हणाला.

"कोळसा कुजत नाही म्हणून पुरून ठेवायचे. कॅप्टनच्या बाकीच्या दगडांखालीही आहे. आपल्याकडचे जुने लोकही हद्दीच्या दगडाखाली पुरत, असं ऐकलंय मी."

झरा डॉरथीबाईंचा ठरला. मला मनापासून आनंद झाला, आणि निखिलकडे बघवेना. तो मातीचे हात घेऊन खाली बसला होता. पँटला हात पुसत उठला आणि म्हणाला, "तुम्ही नका सांगू त्यांना. मी सांगतो."

डॉरथीबाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुला पाणी कशाला हवं होतं?"

"झाडं लावणार होतो. सफरचंदाची."

"मग लाव. मी पिते ते किती? बाकीचं उतारावरून तुझ्याकडेच येतं."

तसं वकिलाकडून लिहून झालं. दुसऱ्याच्या जमिनीतल्या पाण्यावर किंवा वाटेवर मिळालेल्या अशा कायमच्या हक्काला इथे इझमेंट म्हणतात. निखिलनं जमीन घेतली. रोपं लागली आहेत, आणि डॉरथीबाईंचा पंप अडला की मुलीच्या आधी निखिलला फोन जातो.

माझ्या नकाशावर त्या कोपऱ्याशी 'मूळ दगड, सापडला' एवढंच लिहिलं आहे. कॅप्टनच्या गुडघ्यासाठी नकाशात जागा नसते. पण आता जुनी हद्द शोधायची वेळ आली, की तो मोजणारा कुठे दमला असेल, ते मी आधी बघते. दगड बहुतेक वेळा तिथेच जवळपास निघतो.